तिसरी गिटार

हौशी गिटारवाल्याला गाणी येत नाहीत, गाण्यांची तोंडं येतात. शनिवारी दुपारी गिटारच्या कुठल्याही दुकानात जाऊन उभं राहा. थोड्या वेळात चार प्रसिद्ध गाणी सुरू होतील आणि एकही संपणार नाही. मी राहतो त्या अमेरिकेतल्या अटलांटाच्या परिसरात तर एक तोंड हमखास कानावर पडतं: डी, सी, जी या तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर. ‘स्वीट होम अलाबामा’, साल १९७४.

सांगायला गेलं तर त्यात काहीच नाही. डीची मोकळी तार दोनदा, मग वरच्या तारांवर टिचक्या. सीवर तेच. जीवर मात्र दुप्पट मुक्काम. डाव्या हाताला हे आठ-पंधरा दिवसांत जमतं. उजवा हात मात्र भल्याभल्यांना दमवतो. पिकने, म्हणजे हातातल्या छोट्या पातीने, नेमकी हवी तीच तार छेडायची, शेजारणीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि हे सगळं खाली न बघता. गाण्याची सगळी ऐट त्या टिचक्यांत आहे. नुसत्या कॉर्ड खरडल्या तर तेच गाणं शाळेच्या स्नेहसंमेलनातलं वाटतं.

गंमत म्हणजे गाणं अलाबामा राज्याचं, पण लिनर्ड स्किनर्ड हा बँड फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. रेकॉर्डिंग झालं आमच्या जॉर्जिया राज्यात, डोराव्हिलला. आता त्या बाजूच्या ब्यूफर्ड हायवेवर आपण कोरियन नाहीतर मेक्सिकन जेवायला जातो. आणि ती सुप्रसिद्ध रिफ, म्हणजे तेच तोंड, वाजवणारा एड किंग कॅलिफोर्नियाचा! मातीतलं संगीत वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

या गाण्याचा सा कुठला, यावर गिटारवाल्यांची भांडणं आजही होतात. एक पक्ष म्हणतो, जी. दुसरा म्हणतो, सुरुवात डीवर, वजन डीवर, म्हणजे डीच. मी डीवाला. डी सा धरला की सीची कॉर्ड कोमल नीवर येऊन बसते, आणि खमाज ऐकत वाढलेल्या कानाला ते इतकं सरळ वाटतं की यात भांडण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. जीवाल्यांना हे पटवून देण्याचा नाद मी सोडलाय.

या संगीताला, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ‘सदर्न रॉक’ला, एक नकोसं गाठोडंही चिकटलेलं आहे. स्किनर्डच्या मंचामागे कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचा झेंडा, असायचा, आणि गोऱ्या नसलेल्या माणसाला तो बघून बरं वाटण्याचं काहीच कारण नाही. पण याच दक्षिणेत, १९६९ साली, जॉर्जियातल्या मेकनमध्ये मुक्काम ठोकणाऱ्या ऑलमन ब्रदर्स या बँडमध्ये गोरे आणि काळे एकत्र वाजवत होते. दोन ड्रमवाल्यांपैकी जेमो काळा. आणि मुळात हे सगळं उभं आहे ते काळ्यांच्या ब्लूज गाण्यांवर. वाजवताना मी हे विसरत नाही. वाजवणं थांबवतही नाही.

ऑलमनांकडे आलं की हौशी माणसाची खरी परीक्षा सुरू होते. ‘व्हिपिंग पोस्ट’ हे गाणं बँडचा गायक ग्रेग ऑलमनने विशी-एकविशीत, मध्यरात्री, कागद-पेन्सिल हाताशी नाही म्हणून जळक्या काड्यांच्या कोळशाने इस्त्रीच्या टेबलाच्या कापडावर लिहिलं. सुरुवातीची बास गिटारची ओळ अकरा मात्रांची: तीन, तीन, तीन, दोन. अकरा आहेत हे ग्रेगला ठाऊकच नव्हतं. तीन-तीनचे तीन गट, आणि पुढच्या फेरीत उडी मारायला दोन, एवढाच त्याचा हिशेब. आमच्यातले अमेरिकन वादक पायाने ठेका धरतात आणि दर फेरीला अडखळतात. मी मनातल्या मनात मांडीवर बोटांची पेरं मोजतो आणि समेवर बरोबर येतो. एवढी एकच जागा आहे जिथे सगळे माझ्याकडे बघतात.

आणि स्लाइड, म्हणजे बोटात नळी चढवून ती तारेवर सरकवणं! ग्रेगचा थोरला भाऊ ड्युएन सर्दीने पडला होता, तेव्हा ग्रेगने त्याला वाढदिवसाला ताजमहाल या ब्लूज गायकाची रेकॉर्ड आणि कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्या नेऊन दिल्या. ड्युएनने गोळ्या ओतून ठेवल्या, बाटलीवरचं लेबल धुऊन काढलं, ती बोटात चढवली आणि तारेवर फिरवायला लागला. आता तसल्या बाटल्यांच्या नकला विकत मिळतात. माझ्याकडे आहे एक. बाटली तारेवर फक्त टेकवायची, दाबायची नाही. एरवी बोट पडद्याच्या मागे पडतं. इथे काच बरोबर पडद्याच्या डोक्यावर हवी. केसभर इकडेतिकडे झालं की बेसूर. मागच्या बोटांनी तार हलकेच झाकली नाही तर काचेचा किरकिराट वेगळाच. मींड कानात आहे म्हणून ती हातात येते असं मुळीच नाही. उलट, किती चुकतंय ते नीट कळतं. ड्युएन १९७१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा होता. त्या वयात लोकांना गिटार धड जुळवता येत नाही.

तरीही आम्ही जमतो. एका निवृत्त इलेक्ट्रिशियनचं गॅरेज, गवत कापायचं यंत्र कोपऱ्यात ढकललेलं, आणि तीन-चार गिटारी. इथेच या संगीताचा मोठेपणा मला कळला. स्किनर्डमध्ये गिटारवादक तिघे होते. एरवी बँडमध्ये एक हिरो असतो, बाकीचे त्याला वाट करून देतात. इथे मात्र तिसऱ्या माणसाला कायमची नोकरी आहे. एकाने सोलो घ्यायचा, दुसऱ्याने त्याला सुरात सूर मिळवून उत्तर द्यायचं, आणि तिसऱ्याने जमीन धरून ठेवायची. त्याने हात काढला की वरचे दोघे लगेच उघडे पडतात. कीर्तनात मागे उभा राहून झांज धरणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

स्किनर्डच्याच ‘फ्री बर्ड’ या गाण्याच्या शेवटी हे लख्ख दिसतं. नऊ मिनिटांच्या गाण्यातला जवळपास अर्धा वेळ तो वेगवान सोलो चालतो. रेकॉर्डवर तो ॲलन कॉलिन्सचा आहे. त्याच्याखाली तीनच कॉर्ड: जी, बी फ्लॅट, सी, जी, बी फ्लॅट, सी. आमचा इलेक्ट्रिशियन डोळे मिटून सुटतो, सत्तरी उलटलेली पण बोटं थांबत नाहीत. खालच्या त्या तीन कॉर्ड माझ्याकडे. बी फ्लॅट ही बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी आडवी दाबून धरायची. दोन मिनिटांनी अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागते. मी कुठे ढिला पडलोय हे त्याला न बघताच कळतं.

‘थांबू नकोस रे,’ तो ओरडतो, ‘आत्ता कुठे रंगात आलोय.’

जी. बी फ्लॅट. सी.