जुन्या इंग्रजी शब्दांची वही : ‘क्वायीटस’पाशी थांबलेला महिना

‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातील ‘टु बी ऑर नॉट टु बी’ हे स्वगत शब्दाशब्दाने वाचून, वापरातून गेलेल्या किंवा अर्थ पालटलेल्या प्रत्येक शब्दाला वहीत एक स्वतंत्र पान द्यायचे, असे मी महिन्याच्या आरंभी ठरवले होते. चार पाने पुरी झाली, पाचवे उघडले आहे. पण निम्मा महिना एकाच शब्दाने घेतला.

‘फार्डल’ लवकर उलगडला. हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द असून त्याचा अर्थ गाठोडे किंवा ओझे. वहीत मी ‘बोचके’ असे लिहिले आहे, कारण ते पाठीवर घेऊन कण्हत, घाम गाळत चालणाऱ्या माणसाचे जे चित्र पुढच्या ओळीत येते, ते नुसत्या ‘भार’ या शब्दाने डोळ्यांपुढे उभे राहत नाही. ‘देअर्ज द रब’मधील ‘रब’ हा हिरवळीवर गोळे घरंगळत नेण्याच्या ‘बोल्स’ या खेळातला शब्द; गोळ्याला अडवणारा किंवा वाकडा वळवणारा अडथळा म्हणजे रब. अर्थाच्या दृष्टीने ‘इथेच तर घोडे पेंड खाते’ हे अगदी चपखल बसते, परंतु मरणाचा विचार करणाऱ्या राजपुत्राच्या तोंडी ते मला रुचले नाही, म्हणून पानावर ‘अडते ते इथेच’ एवढेच ठेवले.

यानंतर ‘क्वायीटस’ आणि ‘बॉडकिन’ ही जोडी येते. नुसत्या ‘बॉडकिन’ने माणूस स्वतःचा ‘क्वायीटस’ करून घेऊ शकत असताना हे सारे हाल कोण सोसेल, असा हॅम्लेटचा प्रश्न आहे. बॉडकिन म्हणजे येथे कट्यार. चौदाव्या शतकात चॉसरनेही सीझरच्या वधाचे वर्णन करताना हाच शब्द वापरला आहे. मात्र कापडाला किंवा चामड्याला भोक पाडण्याचे टोकदार हत्यार, हाही त्याचा जुना अर्थ, आणि आज तर नाडी ओवण्याच्या जाड, बोथट सुईला बॉडकिन म्हणतात. एवढ्याशा वस्तूने एवढा मोठा प्रश्न मिटेल, हा ओळीतला ताण ‘खड्ग’ किंवा ‘तलवार’ असे भाषांतर केले की नाहीसा होतो.

‘क्वायीटस’चा अर्थ मी इतकी वर्षे ‘चिरशांती’ असा घेत होतो, कारण कानाला ‘क्वायट’ ऐकू येते. प्रत्यक्षात हा शब्द हिशेबाच्या दप्तरातला आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या खजिन्यापुढे हिशेब मांडणाऱ्या अधिकाऱ्याकडे काही देणे उरले नाही, म्हणजे ‘क्वायीटस एस्ट’, अर्थात ‘हा मोकळा झाला’, असा लॅटिन शेरा मिळे. शेक्सपिअरला हा अर्थ पुरता ठाऊक होता, याची खात्री मला 1609 साली छापलेल्या सुनीतांमधील 126व्या कवितेने दिली. चौदाऐवजी बाराच ओळींच्या या कवितेच्या अखेरीस निसर्गदेवतेला आपला ‘ऑडिट’ द्यावा लागतो आणि लाडक्या तरुणाला काळाच्या हवाली करूनच तिचा ‘क्वायीटस’ होतो. ‘ऑडिट’ शेजारीच असल्यामुळे शंकेला जागा उरत नाही.

मराठी प्रतिशब्द मला आमच्या घरातील जुन्या खतावणीत सापडला. एका नावाखालच्या रकमा आडव्या रेघेने बंद करून शेवटी ‘बेबाक’ असे लिहिलेले आहे. म्हणजे बाकी उरली नाही. अडचण एवढीच की आजच्या वाचकाला हिंदीतून आलेला ‘बेबाक’, म्हणजे निर्भीड, आधी आठवतो. तो ‘बाक’ म्हणजे भीती या फारसी शब्दापासून झालेला निराळाच शब्द आहे.

अशीच दोन भिन्न शब्दांची एकरूपता इंग्रजी ‘लेट’मध्ये आहे. जुन्या इंग्रजीत ‘होऊ देणे’ आणि ‘अडवणे’ यांसाठी वेगवेगळी क्रियापदे होती. कालांतराने दोन्ही ‘लेट’ झाली. पहिल्या अंकात पित्याच्या भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट, जो मला ‘लेट’ करील त्याचेच भूत करीन, असे म्हणतो, तेव्हा मित्र त्याला धरून ठेवत असतात, हे लक्षात घेतले तरच वाक्य लागते. दुसरा अर्थ मेला असे मात्र समजू नये. आपल्या भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्यात धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावे असे शब्द आहेत. पासपोर्ट कपाटातून काढून मी ती ओळ बोट ठेवून वाचली, आणि वहीत ‘आडकाठी’ असे लिहिले.

पाचवे पान ‘मॉर्टल कॉइल’चे आहे. येथे ‘कॉइल’ म्हणजे त्या काळच्या अर्थाने गलबला, धामधूम. सध्या ‘दगदग’ हा शब्द पेन्सिलीने लिहून ठेवला असून, ‘कॉइल’ शेक्सपिअरच्या इतर नाटकांतही तपासल्यावरच तो शाईने पक्का करीन.