बॅटरी ३८ टक्के म्हणाली आणि सर्व्हर बंद: यूपीएसचा हिशेब एकदाचा लागला

मंडळी, एकदाचं सापडलं. मागच्या नोंदीपर्यंत गाडी रुळावर आली होती. मधला यूएसबी हब काढून केबल थेट मशीनला लावल्यावर ‘डेटा स्टेल’ची (म्हणजे यूपीएसचे आकडे शिळे झाल्याच्या तक्रारीची) कटकट गेली होती आणि एनयूटी, म्हणजे यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, न चुकता आकडे देत होतं. घोटाळा त्या आकड्यांतच होता. भर दुपारी लाईट गेली. चार्ज १०० होता, तो पहिल्या काही सेकंदांतच ६५ वर आला, मग पायरी पायरीने ३८ पर्यंत उतरला. स्क्रीनवर ३८ दिसत असतानाच मशीनच्या पंख्याचा बारीक आवाजही थांबला. मशीन, राउटर, डिस्क सगळं एकदम बंद. शटडाऊनची सूचना नाही, काही नाही. लाईट आल्यावर बाहेरच्या डिस्कला फाइलसिस्टिम तपासणीत चांगलाच वेळ गेला.

त्या डिस्कवर आई आणि मावश्यांनी म्हटलेली आखाजीची अहिराणी गाणी आहेत, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली. काही कॅसेट आता वाजतही नाहीत. म्हणून हा प्रश्न ‘चालतंय की’ म्हणून सोडून देण्यातला नव्हता.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: घर भुसावळात, यूपीएस ६०० व्हीएचा साधा लाइन इंटरॅक्टिव्ह, आत १२ व्होल्ट ७ एएचची एकच सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी. यूएसबी आयडी ०६६५:५१६१, म्हणजे बाजारातल्या निम्म्या स्वस्त यूपीएसमध्ये असते तीच सायप्रस चिप. मशीनवर डेबियन १२ लिनक्स आणि एनयूटी, त्यात यूपीएसशी बोलणारा ड्रायव्हर ‘नटड्रव्ह-क्यूएक्स’. मिनी पीसी, राउटर आणि डिस्क मिळून लोड साधारण ४५ वॅट.

पहिला धागा आकड्यांच्या चालीतच मिळाला. एनयूटीचा नोंदी लिहिणारा भाग, यूपीएसलॉग, दर ५ सेकंदांनी नोंद करेल असा लावला आणि पुढच्या वेळी लाईट गेल्यावर ती फाइल उघडून बसलो. चार्जच्या रकान्यात ३८ येईपर्यंत ६५, ६२, ५८, ५४, ५०, ४६, ४२, ३८ एवढेच आकडे. ४७ नाही, ४३ नाही, ४० नाही. खरी बॅटरी मोजली जात असती तर मधले आकडे कधी तरी दिसले असते. शेजारच्या रकान्यात व्होल्टेज होतं: १२.१, १२.०, ११.९, ११.८. दर ०.१ व्होल्टला चार्जची एक पायरी. म्हणजे टक्केवारी यूपीएसकडून येतच नव्हती, कोणीतरी व्होल्टेजवरून ती तयार करत होतं.

तो कोणीतरी म्हणजे ड्रायव्हर. हे यूपीएस मेगाटेक नावाच्या साध्या प्रश्नोत्तरांच्या पद्धतीने बोलतं. ‘क्यू-वन’ विचारलं की इनपुट व्होल्टेज, आउटपुट, लोड, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचं व्होल्टेज, तापमान आणि स्थितीचे आठ बिट एवढंच उत्तर येतं. त्यात चार्जचा रकानाच नाही. बॅटरीचं व्होल्टेजही एकाच दशांश स्थळापर्यंत. मग ड्रायव्हर सुरू होताना लॉगमध्ये सांगतो की हाय आणि लो व्होल्टेज दिलेलं नाही, मी अंदाजाने घेतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला तो लो १०.४ आणि हाय १३.० धरतो. आताच्या व्होल्टेजमधून १०.४ वजा करायचे, २.६ ने भागायचं, १०० ने गुणायचं, झाली टक्केवारी. ११.४ घालून बघा, बरोबर ३८ येतात. आणि ०.१ भागिले २.६ म्हणजे जवळपास ४ टक्के, तीच ती पायरी. हे कागदावर जुळलं तेव्हा इतका आनंद झाला की धाकट्या भावाला फोन करून सगळं गणित ऐकवलं.

आता हे गणित लेड-ॲसिडला का लागू पडत नाही ते बघा. लाईट असताना चार्जर बॅटरीला १३.६ च्या आसपास फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या व्होल्टेजवर, धरून ठेवतो. १३.० च्या वरचं सगळं ड्रायव्हरला १००. बॅटरी नवी असो की मेल्यात जमा, फ्लोटवर आकडा तोच. लोड आला की व्होल्टेज लगेच खाली बसतं, कारण आतल्या रोधावर ते पडतं. क्षमता तेवढ्यात कुठे गेलेली नसते. त्यानंतर बराच वेळ वक्र जवळजवळ सपाट चालतो आणि शेवटी कड्यावरून कोसळतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय हे नळाच्या धारेवरून सांगण्यासारखं आहे हे: धार बराच वेळ सारखीच येते आणि मग एकदम फुसफुसते. माझ्या लॉगमध्ये ११.४ नंतरच्या ओळी अशा आहेत: ११.२, १०.७, ९.९, आणि पुढे फाइलच संपते. यूपीएसने लो बॅटरीचा बिट उचलला तो १०.७ च्या ओळीत. शटडाऊन करवणारा एनयूटीचा भाग, यूपीएसमॉन, ‘ऑन बॅटरी’ आणि ‘लो बॅटरी’ दोन्ही आल्याशिवाय हलत नाही, आणि कंटेनर बंद करून डिस्क उतरवायला माझ्या मशीनला पाऊण मिनिट लागतं. सूचना आली तेव्हा हातात काही सेकंदच उरले होते.

बॅटरी इतक्या लवकर का बसली, याचं उत्तर आपल्या हवेत आहे. या बॅटऱ्यांचे सगळे आकडे २५ अंशांना धरून दिलेले असतात. त्यावर दर १० अंशांना आयुष्य निम्मं, हा सगळीकडे मानला जाणारा ठोकताळा. मे महिन्यात भुसावळ, जळगावचा पारा ४५ पर्यंत जातो आणि बंद खोलीत यूपीएसच्या डब्याच्या आत त्याहून जास्तच असणार. त्यात फ्लोट व्होल्टेज उष्णतेबरोबर कमी करायचं असतं, १२ व्होल्टला अंशामागे १८ मिलिव्होल्टच्या आसपास. २५ अंशांना १३.६५ योग्य असेल तर ४० अंशांना १३.४ च्या खाली हवं. माझ्या यूपीएसच्या चार्जरला तापमानाची जाणच नाही. सकाळी आणि दुपारी मीटर लावून बघितला, फरक शून्य. म्हणजे उन्हाळाभर बॅटरी आतून वाळत जाते आणि ड्रायव्हर १०० दाखवत राहतो.

मल्टिमीटरबद्दल एक गोष्ट सांगूनच टाकतो. तो स्वस्तातला पिवळा मीटर वापरत असाल तर आतली ९ व्होल्टची बॅटरी आधी बदला. ती उतरली की मीटर जास्त व्होल्टेज दाखवतो, आणि आपल्या कामात ०.२ व्होल्टचा फरक म्हणजे पायरीच चुकली. मी आता ट्रू आरएमएसवाला जरा बरा मीटर घेतलाय आणि पैसे वसूल आहेत.

नव्या बॅटरीसाठी जळगावला गोलाणी मार्केटला गेलो, मीटर खिशात घालूनच. दुकानदार म्हणाले, “भाऊ, सगळा नवाच माल आहे.” म्हटलं, “दादा, तरी एकदा टोकाला लावून बघू द्या.” त्यांनी हसत चार बॅटऱ्या काउंटरवर मांडल्या. १२.९, १२.७, १२.७ आणि एक १२.३. ती १२.३ ची त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. पडून राहिलेली बॅटरी उष्णतेत आपोआप उतरते, आणि १२.४ च्या खाली बराच काळ राहिली की सल्फेट बसतं, मग ती पूर्ण क्षमतेला येणं अवघड. वरचा उत्पादनाचा शिक्काही वाचून घ्या. बॅटरी ऑनलाइन मागवायच्या मी विरोधात आहे, एवढ्याच कारणाने: टोकाला मीटर लावता येत नाही.

आता मुख्य इलाज. ड्रायव्हरला ‘रनटाइमकॅल’ दिलं की तो व्होल्टेजचा नाद सोडतो आणि लोड किती, किती वेळ गेला याचा जमाखर्च ठेवतो. त्याला दोन वेगवेगळ्या लोडवरचे मोजलेले वेळ लागतात, आधी मोठा लोड. यासाठी १०० वॅटचे जुने पिवळे फिलामेंट बल्ब फार कामाचे. एलईडी नको, त्यांचा लोड हवा तसा सरळ नसतो. रात्रभर चार्ज करून एक बल्ब लावला, यूपीएसने लोड २८ टक्के सांगितला, २३ मिनिटं चालला. पुन्हा पूर्ण चार्ज करून दोन बल्ब, लोड ५५, साडेआठ मिनिटं. जुनी बॅटरी एका बल्बवर ७ मिनिटांत आटोपली होती, आणि फ्लोटवर दोघींचा चार्ज १००! चाचणीनंतर बॅटरी तशीच रिकामी ठेवू नका, लगेच चार्जला लावा.

ड्रायव्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, यूपीएस.कॉन्फमध्ये, ओळ गेली: रनटाइमकॅल ५१०, ५५, १३८०, २८ (सेकंद, लोड, सेकंद, लोड). ड्रायव्हर पुन्हा सुरू केला आणि रनटाइमचा रकाना पहिल्यांदा भरून आला: ८० मिनिटं. ते पाहून बरं वाटलं, पण पटलं नाही. ७ एएचच्या बॅटरीवर ४५ वॅट ८० मिनिटं?

इथपर्यंत लिहून मी नोंद टाकणार होतो. पण धुळ्याच्या एका वाचक दादांनी मागे विचारलेला प्रश्न आठवला: यूपीएसमधला इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची डीसी वीज एसी करणारा भाग, स्वतः किती खातो? म्हणून नोंद थांबवली आणि बल्ब बाजूला ठेवून खरा लोडच लावून बघितला, डिस्क मात्र सुरक्षित उतरवून तिच्या जागी एक निकामी डिस्क लावली. ५० मिनिटांच्या आत बॅटरी संपली. कारण सरळ आहे. ४५ वॅटला यूपीएस लोड १२ टक्के सांगतो. ड्रायव्हर दोन मोजलेल्या बिंदूंतून वक्र रेघ ओढतो आणि १२ पर्यंत ती तशीच लांबवतो. पण इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च लोड कमी झाला म्हणून कमी होत नाही, आणि छोट्या लोडवर तोच मोठा हिस्सा होऊन बसतो.

यावर ‘आयडललोड’ हा पर्याय आहे. लोड यापेक्षा कमी दिसला तरी हिशेबात एवढा धर, असं ड्रायव्हरला सांगायचं. न सांगितल्यास तो १० धरतो, म्हणून आपल्या १२ वर त्याचा काही परिणामच होत नव्हता. गणित उलटं करून १७ घातले. आता पूर्ण चार्जला रनटाइम ४८ मिनिटं दिसतो आणि मोजणीशी जुळतो. काल संध्याकाळी लाईट गेली तेव्हा चार्ज ९९, ९८, ९७ असा एकेक उतरला. चारच्या उड्या संपल्या. किती तरी वेळ नुसता तो रकाना बघत बसलो होतो.

यूपीएसच्या लो बॅटरी बिटावर आता भरवसा ठेवत नाही. तो बिट दुर्लक्षित करणारं ‘इग्नोरएलबी’ लावलं आणि बॅटरी.रनटाइम.लो ओव्हरराइड करून ६०० सेकंद. दहा मिनिटं उरली की शटडाऊन सुरू.

एक खड्डा मात्र राहतो. ड्रायव्हर सुरू होताना पहिला चार्ज व्होल्टेजवरूनच ठरवतो, रनटाइमकॅल असलं तरी. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईट येते आणि परत जाते. मशीन उठलं, चार्जर सुरू झाला, व्होल्टेज १३.० ओलांडून गेलं, की रिकामी बॅटरी १०० म्हणून नोंदली जाते आणि पुढचा सगळा जमाखर्च चुकीच्या शिलकेवर चालतो. म्हणून बॅटरी.व्होल्टेज.हाय १३.६ आणि लो ११.० केलंय, म्हणजे चार्ज चालू असताना सुरुवात तरी १०० वरून होणार नाही. चार्जटाइम मूळचाच ४३२०० सेकंद, १२ तास, ठेवलाय. तो कमी करायचा मोह होतो, पण त्यातून बॅटरी वेळेआधी भरलेली दिसेल.

खरं तर पुढे यूपीएसच्या डब्यातून बॅटरी बाहेर काढून खाली, फरशीजवळ ठेवायचा विचार होता. हे लिहिताना वाटतंय की आधी डब्यात एक डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर चिकटवून उन्हाळाभराचं तापमान नोंदवावं, मगच तारा लांबवाव्या. लांब तारेवर २० अँपिअरला पडणारं व्होल्टेज पुन्हा वाचनात घोळ घालेल, त्यासाठी तार जाड घ्यावी लागेल. बल्बची चाचणी दिवाळीनंतर थंडीत परत करणार आहे. थंडीत क्षमता कमी भरते, तेव्हा रनटाइमकॅलचे आकडे ऋतूप्रमाणे बदलावे लागतील असा अंदाज आहे. तोपर्यंत कोणाकडे दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा यूपीएस याच चिपवर चालत असेल तर फ्लोटवरचं व्होल्टेज, लोडची टक्केवारी आणि एका १०० वॅट बल्बवरची मिनिटं इथे टाका. ड्रायव्हर तिथे हाय-लो किती धरतो तेही लॉगमधून बघून सांगा.