स्कॅनच्या चिठ्ठीवर काय लिहायचे

शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हयात घालवलेले माझे काका वयाच्या ५६व्या वर्षी वेगळेच वागू लागले. सौद्यातले भाव आणि शेतकऱ्यांची नावे त्यांना तोंडपाठ होती, त्यामुळे डिमेन्शियाची शंका कोणालाच आली नाही, पण सख्ख्या बहिणीच्या मयतीत, सगळे रडत असताना, "जेवण कधी वाढणार?" असे त्यांनी विचारले, तेव्हा काकूंच्या पोटात धस्स झाले.

पहिल्या एमआरआयच्या चिठ्ठीवर "डोकेदुखी, चिडचिड" एवढेच लिहिले होते, आणि अहवालही "वयोमानानुसार मेंदूचे आकुंचन" या एका ओळीत आटोपला होता. पुढे मेंदूविकारतज्ज्ञांनी काकूंकडून सगळी हकीकत ऐकून घेतली आणि त्याच फिल्म पुन्हा उजेडात धरल्या. कपाळामागचा भाग आणि उजव्या कानशिलाआतल्या खंडाचे पुढचे टोक आक्रसले होते, तिथल्या खाचा रुंदावल्या होत्या, तर मेंदूचा मागचा भाग जवळजवळ शाबूत होता. हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया होता. प्रागमधील अर्नोल्ड पिक यांनी अशा रुग्णाचे वर्णन १८९२ मध्येच केले होते, आणि तरीही आपल्याकडे तो अजून "स्वभाव बिघडला" या सदरात जातो, याचे मला फार वाईट वाटते. अल्झायमरसाठी सुरू झालेली डोनेपेझिलची गोळी बंद झाली, कारण या आजारात तिचा उपयोग होत नाही.

एमआरआयवरून शंका फिटली नाही तर पेट (PET) स्कॅन करतात. त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचून मेंदूचा कोणता भाग ती कमी वापरतो ते पाहतात. अल्झायमरमध्ये मागच्या व बाजूच्या भागांत वापर घटतो, काकांसारख्या आजारात तो पुढे घटतो. हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे ते तयार करणाऱ्या सायक्लोट्रॉन या यंत्रापासून दूरच्या शहरांत वेळेचे गणित सांभाळावे लागते. मात्र सुरुवातीच्या काळात स्कॅन निर्दोषही येऊ शकतो. २०११च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही निदानाचा पाया लक्षणे हाच आहे. दैनंदिन व्यवहार ढासळलेले असून स्कॅनमध्ये जुळणारा बदल दिसला, तर "शक्य" हे निदान "बहुधा" या पायरीवर जाते. म्हणून घरच्यांनी काय पाहिले, कधीपासून पाहिले, हे चिठ्ठीवर उतरले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

लेवी बॉडी डिमेन्शियात, म्हणजे मेंदूच्या पेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचून होणाऱ्या प्रकारात, तर हे अधिकच निकडीचे ठरते. डोपामिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या स्कॅनमध्ये निरोगी मेंदूत स्वल्पविरामासारखे उमटणारे दोन डाग या आजारात आखडून पूर्णविरामासारखे होतात. अल्झायमरमध्ये ते सहसा तसे होत नाहीत. अशा रुग्णाला नसलेली माणसे दिसतात, रात्री तो आरडाओरडा करतो, आणि त्याला शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल दिल्यास अंग ताठरून प्रकृती गंभीर होऊ शकते, जिवावरही बेतू शकते. त्यामुळे असे निदान झालेल्या घरात तो अहवाल आणि "हॅलोपेरिडॉल देऊ नये" अशी डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी फाइलच्या पहिल्याच पानावर लावलेली असावी.