टाच, चपला आणि कॅलेंडरवरचे आकडे

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि टाचेत खिळा घुसला. गेले पंधरा दिवस हे रोजचंच आहे, पण मी रोज त्याला नवं कारण शोधत होते. थंडी. जुनी गादी. परवा लग्नात घातलेल्या सँडल. चार पावलं लंगडत न्हाणीघरापर्यंत गेलं की दुखणं कमी होतं, किलोमीटरभर पळलं की विसरायलाच होतं. मग काय, पळत राहिले.

आज १६ किलोमीटरचा लाँग रन होता. अकराव्या किलोमीटरला, इंदूरच्या चोइथराम मंडीच्या अलीकडे, ते विसरलेलं दुखणं परत आलं आणि मुक्कामालाच राहिलं. लसणाच्या गोण्या उतरत होत्या. मी दुभाजकावर टेकून बूट काढला, खडा असेल म्हणून झटकला. खडा नव्हता. एका हमालाने विचारलं, “क्या हुआ मैडम, मोच आ गई?” मी म्हटलं, कुछ नहीं. दुसरं काय सांगणार?

रिक्षा केली. कमरेच्या पाऊचमध्ये दुमडलेली शंभराची नोट अशाच वेळेसाठी कधीची पडून होती. घामात भिजून-वाळून तिचा पापड झाला होता. रिक्षावाल्याने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ठेवून घेतली.

पळणाऱ्यांच्या ग्रुपवर मात्र मी ‘११ किमी, मस्त थंडी’ एवढंच टाकलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

फिजिओकडे गेले. पोरगी माझ्या मुलापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने टाचेच्या आतल्या कडेवर अंगठा दाबला आणि मी खुर्चीतून उठलेच. म्हणाली, हाच तो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड पट्टा असतो, प्लांटार फॅशिया. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे तो आखडून बसतो. सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं, म्हणून खिळा.

मग चौकशी सुरू झाली. दिवसभर उभं राहता का? सहा तास, शिकवते. पोटऱ्या ताणता का? कधीतरी. बूट किती जुने? फेब्रुवारीतले. किती किलोमीटर झाले?

हे मला सांगता आलं नाही. घरी येऊन कालनिर्णयची पानं उलटी चाळली. आमच्याकडे स्वयंपाकघरात एकच कॅलेंडर. त्यात सासूबाई दुधाचा हिशेब लिहितात आणि त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात मी किलोमीटर. त्यांचं शाईचं पेन, माझी पेन्सिल. तरी घोळ होतोच. एकदा त्यांनी महिन्याचं दूध १०४ लिटर काढलं होतं आणि दूधवाला बिचारा आनंदाने पैसे घ्यायला उभा होता.

बेरीज आली १,१४० किलोमीटर. साधारण ५०० ते ८०० मध्ये बुटाच्या मधल्या थराचा फोम दम सोडतो, हे मला ठाऊक आहे, ग्रुपमधल्या नव्या मुलींना मी स्वतः सांगते. वरून बूट नवाच दिसतो, तळ थोडा घासलेला, बाकी छान. सात हजारांचा बूट छान दिसत असताना टाकायचा म्हणजे आमच्या पिढीच्या हाताला जमत नाही. फ्रिजचं खोकंसुद्धा आम्ही माळ्यावर जपून ठेवलंय.

अजून एक गोष्ट तिथे कबूल करावी लागली. मागच्या दोन लाँग रनच्या आधी मी वेदनाशामक गोळी घेतली होती. ती पोरगी लिहिता लिहिता थांबली. अंगातलं पाणी कमी होत असताना या गोळ्या किडनीवर ताण आणतात, आणि दुखणं झाकलं जातं ते वेगळंच. एवढं बोलून ती पुढे लिहायला लागली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

व्यायाम दिलाय तो असा. पायरीच्या कडेला उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवस आड. तीन आठवडे पळणं बंद, सपाटीवर चाललं तर चालेल. पूर्ण बरं व्हायला किती दिवस, विचारलं, तर म्हणाली, “महिन्यांत मोजा.” फेब्रुवारीतल्या २१ किलोमीटरच्या शर्यतीचे पैसे भरून झालेत, हे मी तिला सांगितलं नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

धावण्याने आमच्या घरात आजवर कधी वाद झाला नव्हता. सगळे झोपलेले असताना मी जायचे, चहाच्या वेळेला परत. दुखण्याने मात्र ते सगळ्यांचं झालं. शेजारच्या वहिनी कॅल्शियम सुचवून गेल्या. ह्यांनी “वजन उचलायचं बंद कर” असं सांगितलं, मी उचलतच नाही. ग्रुपमधले काका पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळपायाखाली फिरव म्हणाले. सासूबाईंनी तव्यावर खडेमीठ गरम करून पुरचुंडी बांधली. एका पायाला दोन ऋतू.

बर्फ की शेक, यावर त्या दोघांची प्रत्यक्ष भेट झाली असती तर ऐकायला मजा आली असती. दुखापतीवर विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चार शब्दांचं सूत्र डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं आणि जगभरचे खेळाडू बर्फात पाय घालून बसले. पुढे त्याच डॉक्टरांनी सांगितलं की बर्फाने बरं होणं लांबू शकतं. तेव्हा मी सकाळी बाटली फिरवते कारण तेवढ्यापुरतं बधिर होतं, आणि रात्री पुरचुंडी घेते कारण सासूबाई ती स्वतः आणून देतात. एकोणऐंशी वर्षांची बाई तवा उतरवून माझ्या पायाशी येते, तिला विज्ञान सांगायचं?

खरा प्रश्न चपलांचा निघाला. फिजिओने बजावलंय की घरात टाइल्सवर अनवाणी अजिबात चालायचं नाही, मऊ चप्पल हवी. आमच्या घरात चप्पल दाराशी निघते. आणि स्वयंपाकघरातच देवघर. मी दोन दिवस हे सांगितलंच नाही, चवड्यावर चालत पोळ्या केल्या. काल पोळी लाटता लाटता पाय बदलताना सासूबाईंनी पाहिलं.

“असं बगळ्यासारखं काय उभी राहतेस गं?”

“आई, फिजिओ म्हणते घरात चप्पल घाला.”

त्या काही बोलल्या नाहीत. वाटाणे सोलत राहिल्या. पाच-सात मिनिटांनी म्हणाल्या, “आम्ही जन्मभर अनवाणी राहिलो. नाही दुखल्या टाचा.”

यावर मला शिवनाथ सिंह आठवले. अनवाणी पळणारा हा माणूस १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये अकरावा आला आणि १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत ४२ किलोमीटर पळाला. तो राष्ट्रीय विक्रम पुढे कित्येक दशकं टिकला. म्हणजे सासूबाईंच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. पण ते लहानपणापासून अनवाणी, आणि मी पंचेचाळिसाव्या वर्षी फोमवर उभी राहायला शिकलेली. हे सगळं मी मनात बोलले, अर्थात.

संध्याकाळी ह्यांच्या हाती नवी कोरी निळी चप्पल आली. सासूबाईंनीच फोन करून सांगितलं होतं. अट अशी की ही फक्त स्वयंपाकघरातली, दाराबाहेर हिचा तळ लागायचा नाही, आणि देवघरापासून हातभर अलीकडे काढायची. तिथे त्यांनी खडूने रेघ ओढलीय. मी आज पंचवीस वेळा तरी त्या रेघेशी चप्पल काढली-घातली असेन. टाचेला आराम पडला का सांगता येत नाही, पण पोटरीचा व्यायाम होतोय.

बुधवार, १७ डिसेंबर

४.५० ला जाग येतेच. गजर बंद केलाय तरी.

पळायचे दिवस असताना या वेळेला हात आपोआप चालायचे. रात्री साडेनऊला खुर्चीवर कपडे काढून ठेवलेले, आतून बाहेर घालायच्या क्रमाने. काखेत आणि आतल्या पट्ट्याखाली व्हॅसलिन. पहिल्या उन्हाळ्यात हे माहीत नव्हतं, तेव्हा आंघोळीचं पाणी लागल्यावर मी जी ओरडले त्याने ह्यांना वाटलं गीझरचा शॉक बसला. अर्धा कप चहा, अर्धं केळं, आणि मग पोट साफ होण्याची वाट पाहत घरात येरझारा. पळणाऱ्या माणसांना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगू नये. बुटाची नाडी शेवटच्या, सगळे रिकामे सोडतात त्या भोकातून ओवून फास घेतला की टाच आत हलत नाही. या दिवसांत हातमोजे म्हणून मुलाचे जुने पायमोजे. तिसऱ्या किलोमीटरला ते काढून पाऊचमध्ये.

बाहेर धुतलेले रस्ते. इंदूरचा झाडू रात्रीच फिरून गेलेला असतो, कचरागाडीचं गाणं अजून सुरू व्हायचं असतं, आणि या मधल्या वेळेत शहरात कुत्री आणि आम्ही. कुत्री मागे लागली की पळायचं नाही, चालायला लागायचं, तीही कंटाळतात. केसरबाग रोडने लालबागपर्यंत जायचं. बकिंगहॅम पॅलेससारखं म्हणून पाहुण्यांना दाखवतो ते लोखंडी फाटक गार पडलेलं असतं, त्याला हात लावायचा आणि परत फिरायचं. हात न लावता फिरले तर ते अंतर मी मोजत नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी परतताना पोहे-जिलबी. वाफेच्या पातेल्यावर फुललेले पोहे, वर शेव आणि जिरावण मसाला. पळून आलेल्या अंगाला साखर आणि मीठ दोन्ही हवं असतं, म्हणून याला आम्ही रिकव्हरी म्हणतो. प्रोटीन त्यात फारसं नाही, ते घरी. अंडं आमच्याकडे येत नाही, त्यामुळे मुगाची उसळ, दही, नाहीतर ताकात कालवलेलं सातूचं पीठ. मग भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडायचं. यात पळणं होतं तासभर, बाकीचा पसारा अडीच तासांचा.

या दहा दिवसांत मला वाटायला लागलं होतं की मला पळण्याची आठवण येतच नाही. आठवण येते ती खुर्चीवरच्या कपड्यांची, गार फाटकाची, त्या वेळी कुणी हाक मारत नाही याची. मग ते चालूनही मिळेल की. हा विचार मला फारच आवडला. दिवसभर शाळेत शहाण्यासारखी वागत होते.

रविवार, २१ डिसेंबर

आज चालायला गेले. फाटकापर्यंत नाही, निम्म्यातून परत. रस्ता तोच, धुकं, शेकोटीशी चौकीदार. सगळं मिळालं. टाचही गप्प होती.

येताना मागून पावलं आली. आवाजावरून कळतं, मिनिटाला १७०-१७५ पावलं असतील, हलकी. आमच्याच ग्रुपमधली, सप्टेंबरात आलेली मुलगी. जिला मी नाडी बांधायला शिकवली. “गुड मॉर्निंग ताई, लवकर बऱ्या व्हा!” म्हणत ती पुढे गेली. धुक्यात तिचं जाकीट दिसेनासं होईपर्यंत मी बघत होते. तिचा पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं, काय असेल याचा अंदाज बांधत होते. सहा वीस? सहा दहा? डिसेंबरात सहा दहा?

शहाणपण तिथेच संपलं. मला शांतता-बिंतता काही नको होती. मला त्या मुलीच्या पुढे जायचं होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, दोन इयत्तांच्या वह्या तपासायच्या पडलेल्या असताना, माझ्या पोटात चक्क चौथीतल्या मुलीसारखं दुखलं. घरी येऊन मी पायरीवर बाराच्या तीन फेऱ्या केल्या, दिवस आडचा असूनही. आणि संध्याकाळी टाच ठणकली.

सासूबाई पुरचुंडी घेऊन आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. त्या म्हणाल्या, “मी भजनी मंडळात पेटी शिकवली होती एकीला. पुढे तीच वाजवायला लागली. दोन वर्षं गेले नाही मी.” मग पुरचुंडी उलटी करून, “जास्त गरम आहे का?”

गुरुवार, १ जानेवारी

जुनं कॅलेंडर उतरलं, नवं लागलं. सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं की दूध आणि पळणं आता एका चौकोनात नांदणार नाहीत. बँकेतून आलेलं कॅलेंडर, त्यात तिथी नाहीत की एकादशी नाही, ते माझं. बुटांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलंय.

नवे बूट परवा घेतले. संध्याकाळी गेले होते, दिवसभर उभं राहून पाऊल थोडं सुजतं तेव्हा, आणि अर्धा नंबर मोठा घेतला. दुकानदाराने फुलाफुलांचा घ्यायचा फार आग्रह केला. जुने टाकले नाहीत. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला राहू देत.

फिजिओने दोन किलोमीटरची परवानगी दिलीय, तीही एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं अशी. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पाचाच्या वर गेलं तर थांबायचं, आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळचा. आज केले. गल्लीतच, आमच्या कोपऱ्यापासून रेल्वे स्टेशनच्या वळणापर्यंत. मिनिटाचं पळणं इतकं लांब असतं हे विसरले होते. दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, “दीदी, नया साल!”

नव्या कॅलेंडरच्या पहिल्या चौकोनात पेन्सिलने लिहिलंय, २. त्याखाली, दुखणं २. तिसऱ्या ओळीची जागा रिकामी सोडलीय. ती उद्या सकाळी पाय खाली टेकल्यावर भरायची.