डिस्कवर जागा आहे, बसमध्ये नाही

लिनक्सवर दुसरा वेबकॅम अखेर चालू झाला. मांडणी मागचीच: एक चेहऱ्यासमोर, दुसरा वरून वहीवर रोखलेला, दोन्ही यूएसबी २ आणि एकाच हबवर, म्हणजे दोघांना डेटाची वाट (बस) एकच. एकेकटे झकास चालतात. एकदम सुरू केले की दुसऱ्याची खिडकी काळी आणि टर्मिनलवर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. हे वाचून डिस्क साफ करायला बसू नका.

वेबकॅम आधी बँडविड्थ अडवतो, मग चित्र पाठवतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं. यूएसबी २ मध्ये सेकंदाला ८००० मायक्रोफ्रेम (वेळेचे छोटे तुकडे), आणि प्रत्येकीत अशा आरक्षणाला ७५०० पैकी ८० टक्के, म्हणजे ६००० बाइट. एका कॅमेऱ्याची कमाल मागणी ३०७२. स्वस्तातले बरेच कॅमेरे गरज नसताना तेवढीच मागतात, एमजेपीईजी या कॉम्प्रेस केलेल्या फॉरमॅटवर असले तरी. दोघांचे झाले ६१४४. गाडी फुल्ल.

जो तो सुचवतो तो उपाय म्हणजे यूव्हीसीव्हिडिओ या लिनक्सच्या वेबकॅम ड्रायव्हरला ‘क्वर्क्स=१२८’, म्हणजे कॅमेऱ्याची मागणी स्वतः मोजायला लावणारी सेटिंग. तो लावूनही ढिम्म! कारण ड्रायव्हर ही मागणी फक्त कॉम्प्रेस न केलेल्या फॉरमॅटसाठी नव्याने मोजतो, एमजेपीईजीला हात लावत नाही. म्हणून उलटी चाल खेळली: वहीचा कॅमेरा वाययूवायव्ही या कॉम्प्रेस न केलेल्या फॉरमॅटवर, ६४०×४८०, १५ फ्रेम. ड्रायव्हरच्या गणिताने सुमारे १२४० बाइट. कॅमेरा त्याच्याकडची पुढची मोठी पायरी पकडतो, तरी समोरच्याचे ३०७२ धरून आरामात बसतं. दोन्ही खिडक्या हलल्या!

फक्त अक्षर गिचमिड. पण वहीच्या पानाला एवढ्या फ्रेम हव्यात कशाला? १२८०×७२०, ५ फ्रेम केलं तर मागणी १४०० च्या आतच. अक्षर स्वच्छ, हात थोडा अडखळत सरकतो एवढंच. आता हेच कायम.

क्वर्क बदलल्यावर ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवायला विसरू नका, नाहीतर तासभर भलतीकडेच शोध चालतो. कायमसाठी मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल पुरते. ‘व्हिडिओ१’वर चित्र नाही म्हणून घाबरू नका, नव्या कर्नलमध्ये तो बहुधा पहिल्याच कॅमेऱ्याचा मेटाडेटा असतो.

निळ्या (यूएसबी ३) पोर्टाचा मोह टाळा. यूएसबी २ कॅमेरा तिथेही सेकंदाला ४८० मेगाबिटवरच धावतो. कोण कुणाच्या बसवर आहे ते ‘एलएसयूएसबी -टी’ ही कमांड दाखवते. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर तर चारही पोर्टांचे यूएसबी २ कॅमेरे एकाच ४८० वर बसतात, पाय ५ मध्ये दोन स्वतंत्र कंट्रोलर आहेत.

खरेदीबाबत मत तेच: खोक्यावर लिनक्सचं नाव नसलं तरी चालेल, यूव्हीसी (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या यूएसबी कॅमेऱ्यांचं प्रमाण) हवं. ड्रायव्हर सीडीवर देणारा कॅमेरा फुकट मिळाला तरी नको.

वेगळ्या कंट्रोलरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड घ्यायचं ठरत होतं, ते रद्द. दिवेलागणीला समोरचा कॅमेरा ३० वरून १५ फ्रेमवर घसरतो. ‘एक्स्पोजर डायनॅमिक फ्रेमरेट’ ही सेटिंग शून्य केल्यावर ३० टिकतात, पण चेहरा काळवंडतो. तेव्हा कार्डाऐवजी आधी टेबललॅम्प.