आमची वाटचाल : ओळंबा आणि नऊ इंची भिंत

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांची आणि घरांची दुरुस्ती हेच आमचे आरंभापासूनचे काम असले, तरी पहिली काही वर्षे आम्ही भिंतीची ताकद विटेवरून आणि चुन्यावरून ठरवत असू. भार भिंतीच्या जाडीत नेमका कोठे टेकतो, याकडे लक्ष गेले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक सर्वस्वी आमची होती.

एका घराचे कुजलेले लाकडी छप्पर काढून तेथे आरसीसी स्लॅब घालायचा होता. दर्शनी विटा तशाच राहाव्यात, या घरमालकांच्या इच्छेखातर २३० मि.मी. जाडीच्या भिंतीवर आम्ही स्लॅब आतल्या बाजूने अर्धी वीट, म्हणजे ११५ मि.मी.च टेकवला. भाराची रेषा त्यामुळे मध्यापासून सुमारे ५७ मि.मी. आत सरकली. ही उत्केंद्रता जाडीच्या एक षष्ठांशापलीकडे, येथे ३८ मि.मी.पलीकडे, गेली की बाहेरच्या कडेवर ताण, म्हणजे ओढ, येतो, आणि जुना चुना ताण जवळजवळ सोसतच नाही. तळाकडे ती कमी होत जाते, मध्यउंचीवर साधारण २९ उरते, या हिशेबावर आम्ही निर्धास्त होतो.

चार महिन्यांनी बाहेरच्या सांध्यात केसासारखी आडवी भेग दिसली. आमच्या गवंडीकाकांनी ओळंबा सोडला, तर भिंतीने मध्यावर १८ मि.मी. पोट काढले होते. २९ मध्ये १८ मिळवले की ४७ होतात, म्हणजे ३८ च्या मर्यादेपलीकडे! चुना भाराखाली सावकाश दबतो आणि भिंत वाकते. वाकल्यामुळे त्याच भाराचा बेंडिंग मोमेंट, म्हणजे भिंतीला वाकवणारा जोर, वाढतो, भेगेमुळे काम करणारी जाडी घटते, आणि पुढचा बाक आधीच्यापेक्षा लवकर येतो. हे चक्र आमच्या हिशेबात नव्हते.

स्लॅबला टेकू देऊन भिंत टप्प्याटप्प्याने उतरवली, पुन्हा बांधली आणि स्लॅबखाली पूर्ण जाडीचा काँक्रीटचा पट्टा घातला. खर्च आम्हीच सोसला.

जाड भिंत वाकत नाही, असे ग्राहक आजही हमखास सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात पडलेल्या दगडी भिंती दोन फूट आणि त्याहूनही जाड होत्या. पण मातीत रचलेले त्यांचे दोन थर आरपार दगडांनी बांधलेले नसल्याने ते सुटे होऊन फुगले आणि कोसळले.

आता अंदाजपत्रकाआधी आम्ही प्रत्येक भिंतीचा ओळंबा तीन उंचींवर मोजतो आणि त्याचे शुल्क वेगळे घेतो, यावर अजूनही घासाघीस होते.