हरिश्चंद्रगड, कोकणकडा आणि पाठीवरचे अकरा किलो

ऑक्टोबरच्या शेवटी खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड चढलो आणि दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरलो. फोटो बरे आले. पण हे लिहितेय ते सॅकविषयी, कारण माझा गड चढण्याचा निम्मा वेळ तिच्याशी भांडण्यात गेला.

नवीकोरी कॅमेरा बॅग आठवडाभर आधी ऑनलाइन मागवली होती. किती लेन्स बसतात, लॅपटॉपला जागा आहे का, एवढंच पाहून. घरी ती आरशासमोर चढवून पाहिली तेव्हा आत फक्त कॅमेरा होता. प्रत्यक्षात निघताना वजन केलं: कॅमेरा आणि दोन लेन्स सव्वादोन किलो, ट्रायपॉड पावणेदोन, रिकामी बॅगच दोन, पाणी तीन, स्लीपिंग बॅग नि इतर संसार दोन. झाले अकरा. माझं वजन ५२. एकपंचमांशापेक्षाही जास्त.

खुबी फाट्यावर एसटीतून उतरलो. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वर साधारण पाच किलोमीटर. सपाट रस्ता, त्यामुळे काही जाणवलं नाही. तोलार खिंडीची चढण लागली आणि खांदे बोलायला लागले. कमरेचा पट्टा कितीही आवळला तरी दर पावलाला मांडी वर आली की तो वर ढकलला जाई, ढिला पडे आणि सगळं ओझं पुन्हा खांद्यांवर.

खिंडीत वाघाच्या शिल्पापाशी बसलो तेव्हा सोबतच्या मित्राने कारण दाखवलं. पट्टा माझ्या कमरेच्या हाडावर बसतच नव्हता, चांगला चार बोटं खाली होता. मान पुढे वाकवली की मागे जे हाड टोचतं, तिथून कमरेवर हात ठेवल्यावर अंगठे मागे जिथे टेकतात त्या रेषेपर्यंतचं अंतर ही पाठीची लांबी. माझी १६ इंच. बॅग शिवली होती माझ्यापेक्षा बऱ्याच लांब पाठीच्या माणसासाठी, आणि पाठ कमीजास्त करायची सोयच नव्हती. सॅक निवडताना आपल्या उंचीवरून ठरवू नका. उंच माणसाचीही पाठ आखूड असू शकते.

मित्राकडे साधी ४५ लिटरची ट्रेकिंग सॅक होती, पाठीची लांबी बदलता येणारी. आत कॅमेऱ्यासाठी कप्पे असलेला गादीचा डबा. आम्ही आपापलं सामान काढून सॅकची अदलाबदल केली. त्याने पाठ माझ्या मापाला आणली, सगळे पट्टे सैल केले, आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळला, मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. हा क्रम चुकवू नका. खांद्याचे आधी आवळले की कमरेकडे वजन जातच नाही. वजन तेवढंच होतं, पण मान मोकळी झाली. गंमत म्हणजे माझी बॅग त्याला अगदी मापात बसली.

खिंडीनंतर रेलिंगचा कातळटप्पा लागतो. इथे कॅमेरा गळ्यात नको. खडकाकडे वाकलं की तो पुढे झुलतो आणि आपटतो. ट्रायपॉड एका बाजूच्या खिशात उभा ठेवला होता, तो दोनदा रेलिंगला अडकला आणि तोल त्याच बाजूला गेला. तिथेच थांबून तो सॅकच्या मधोमध, पाठीला समांतर बांधला. घरूनच तसा बांधून या.

वर पठारावरून देवळापर्यंत चढउतार खूप आहेत, पण सावली आहे. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, पुष्करणी, केदारेश्वराच्या लेण्यातलं पाण्यातलं शिवलिंग आणि चारांपैकी उरलेला एकच अखंड खांब, यांसाठी दुपार ठेवा. लेण्यात उजेड कमी, ट्रायपॉड तिथेच सत्कारणी लागतो.

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून संध्याकाळ तिथली. (इंद्रवज्र, म्हणजे कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात नोंदवलेलं ते गोल इंद्रधनुष्य, दिसायला सूर्य पाठीशी आणि समोर दरीत ढग हवेत. आम्हाला दिसलं नाही.) कड्यावर वारा खालून वर येतो. दव पडायला लागलं म्हणून रेनकव्हर घालायला गेले, ते फुग्यासारखं फुगलं, उडालं आणि मागच्या कारवीत जाऊन अडकलं. रेनकव्हरला दोरी असेल तर ती सॅकला बांधा. आणि पावसाळ्यात त्यावर भिस्त ठेवू नका. पाठीवरून ओघळणारं पाणी कव्हरच्या आतूनच सॅकमध्ये उतरतं. कॅमेऱ्याचा डबा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड गुंडाळून बांधणं जास्त भरवशाचं.

एका बाबतीत मात्र माझी बॅग सरस होती. ती पाठीच्या बाजूने उघडते. चिखलात ठेवली तरी पाठीला लागणारी बाजू कोरडी, आणि कमरपट्टा न सोडता पुढे फिरवून उभ्या उभ्या लेन्स बदलता येते. मित्राच्या सॅकमध्ये डब्यापर्यंत पोचायला वरून सगळं उपसावं लागलं, तोवर सूर्य गेला. दोन्ही सोयी हव्या असतील तर पाठीची झिप आणि बदलती लांबी असलेली सॅक शोधा. मिळतात, स्वस्त नसतात.

दुकानात जाताना आपला कॅमेरा आणि दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या घेऊन जा. सॅक भरून अर्धा तास घालून फिरा, जिना असेल तर चढउतार करा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

गडावर पिठलं-भाकरी मिळते, शनिवार-रविवारी तंबूही. म्हणजे एक किलो तरी घरीच ठेवता येतो. पाचनईची उतरण सोपी आहे.

गावात पोचल्यावर मी माझी बॅग मागितली. मित्र म्हणाला, ‘‘कितीला घेतलीस?’’ खरेदीची किंमत सांगितली. त्याने पाचशे कमी केले, वर चहाही मलाच पाजायला लावला.